तारेतून येणारा वायरमन

शाळेच्या संगणककक्षात चोवीस संगणक आहेत असे समजू या. सोमवारी नववीचा भूमितीचा तास तेथे घ्यायचा आहे आणि त्यासाठी एक नवी आज्ञावली प्रत्येक संगणकावर बसवायची आहे. शनिवारी शाळा सुटल्यावर सर मागे थांबतात. पहिल्या संगणकापाशी बसतात, पेन ड्राइव्ह लावतात, आज्ञावली बसवतात, ती नीट चालते का ते पाहतात आणि पुढच्या खुर्चीवर सरकतात. एका संगणकाला दहा मिनिटे धरली तर चोवीस संगणकांना चार तास झाले. बाराव्या संगणकापर्यंत सरांचा उत्साह टिकतो. पुढे लक्ष उडते. एखादा संगणक सुटतो, एखाद्यावर जुनीच आवृत्ती राहते, आणि सोमवारी नेमकी त्याच संगणकापुढची मुले हात वर करतात. ज्या शिक्षकांनी हे काम केले आहे त्यांना यात अतिशयोक्ती वाटणार नाही.

आता हेच संगणक चोवीस नसून चोवीस हजार असले, आणि एका खोलीत नसून तीन खंडांत विखुरलेले असले तर? मोठ्या बँकांचे, विमान कंपन्यांचे, टपाल आणि निरोप पोचवणाऱ्या कंपन्यांचे संगणक असेच असतात. तेथे खुर्च्या सरकवत जाणारा माणूस आणायचा कोठून?

याचे उत्तर तुम्ही शाळेत रोज पाहता. मुख्याध्यापकांना एखादी गोष्ट सर्व वर्गांना कळवायची असली तर ते स्वतः वर्गावर्गांत हिंडत नाहीत. ते सूचनावहीत चार ओळी लिहितात आणि शिपाई ती वही घेऊन निघतो. प्रत्येक वर्गात सूचना वाचली जाते, शिक्षक सही करतात, वही पुढे जाते. वही परत आली की सह्या पाहून कोणता वर्ग राहिला तेही कळते. संगणकांच्या जाळ्याची देखभाल करणारी माणसे नेमके हेच करतात. आपल्या जागी बसून एक आज्ञा लिहायची, ती जाळ्यातून सर्व संगणकांकडे धाडायची आणि प्रत्येकाकडून ‘केले’ किंवा ‘जमले नाही’ असा जबाब घ्यायचा.

फरक एकच आहे, पण तो फार मोठा आहे. शिपाई जिन्याने जातो. वर्गात कितीही गोंधळ असला तरी जिना त्यामुळे बंद पडत नाही. संगणकाकडे जाणारी आज्ञा मात्र त्याच तारेवरून जाते, ज्या तारेवरून त्याचे रोजचे काम चालते. गावातली वीज गेली की वायरमन रस्त्याने येतो आणि खांबावर चढतो. तो जर तारेतूनच येणारा असता, तर तुटलेल्या तारेपर्यंत पोचला कसा असता? हा प्रश्न एकदा खरोखरच उभा राहिला. ती हकिकत ऐकण्यासारखी आहे.

कपाटाएवढा टपालवाला

१९६९ साली अमेरिकेत विद्यापीठे आणि संशोधन संस्था यांचे संगणक एकमेकांना जोडण्याचे काम सुरू झाले. पैसा तेथील संरक्षण खात्याच्या संशोधन संस्थेचा होता. या जाळ्याचे नाव अर्पानेट. आजचे इंटरनेट त्यातूनच वाढले. त्या वेळचे संगणक निरनिराळ्या बनावटींचे होते आणि एकाची भाषा दुसऱ्याला कळत नसे. म्हणून प्रत्येक ठिकाणी मोठ्या संगणकाशेजारी टपाल्याचे काम करणारा एक छोटा संगणक ठेवला गेला. त्याला ‘इम्प’ म्हणत. छोटा म्हणजे केवढा? चारशे किलोहून अधिक वजनाचे लोखंडी कपाट! त्याची स्मृती आजच्या साध्या मोबाइलपुढे नगण्य होती. मोठ्या संगणकाकडून संदेश घ्यायचा, दूरध्वनीच्या भाड्याच्या तारेवरून शेजारच्या इम्पला द्यायचा, त्याने तो पुढच्याला द्यायचा, एवढेच त्याचे काम.

२९ ऑक्टोबर १९६९ च्या रात्री साडेदहा वाजता लॉस एंजेलिसच्या विद्यापीठातील चार्ली क्लाइन या विद्यार्थ्याने पाचशेहून अधिक किलोमीटरवरच्या दुसऱ्या संस्थेतील संगणकाचा ताबा आपल्या जागेवरून घेण्याचा प्रयत्न केला. ‘लॉगिन’ हा शब्द टंकायचा होता. ‘एल’ पोचले, ‘ओ’ पोचले आणि पलीकडचा संगणक कोलमडला. तासाभराने पुन्हा प्रयत्न झाला तेव्हा मात्र जमले. दूरच्या यंत्रावर आज्ञा चालवण्याच्या विद्येचा या जाळ्यावरचा श्रीगणेशा असा दोन अक्षरांचा झाला.

इम्प बनवणारी कंपनी अमेरिकेच्या दुसऱ्या टोकाला, मॅसेच्युसेट्स राज्यातल्या केंब्रिज गावी होती. तिचे नाव बोल्ट, बेरानेक अँड न्यूमन. या कामाचे प्रमुख फ्रँक हार्ट यांना एक धास्ती होती. विद्यापीठातले उत्साही विद्यार्थी हे नवे कपाट उघडून आत काय आहे ते पाहतील! त्यामुळे इम्प भक्कम बांधणीचा केला गेला आणि तेथील कोणी हात न लावता तो चालावा अशी योजना झाली. मग बिघाड झाल्यावर पाहायचे कोणी? केंब्रिजहून. तेथे एक नियंत्रण केंद्र उभारले गेले. प्रत्येक इम्प ठराविक वेळाने आपली खुशाली तिकडे कळवी: अमुक तार चालू आहे, तमुक बंद आहे. केंद्रातील माणसे तेथूनच दूरच्या इम्पच्या स्मृतीत डोकावत, एखादा आकडा बदलत, त्याला पुन्हा सुरू करत. एखाद्या इम्पची आज्ञावलीच बिघडली तर शेजारच्या इम्पकडून तिची चांगली प्रत मागवून घेण्याची सोय होती. एका वर्गातला फळा पुसला गेला तर शेजारच्या वर्गातून उतरवून घ्यावा, तसे हे होते.

मौज अशी की केंब्रिजची माणसे दूरध्वनी कंपनीला कळवीत, ‘तुमची कॅलिफोर्नियातली अमुक तार बिघडली आहे’, आणि कंपनीच्या लोकांचा त्यावर विश्वास बसत नसे. हजारो किलोमीटर दूर बसून यांना कसे कळले? पण तपासल्यावर बिघाड सापडे.

आठ, चाळीस आणि चव्वेचाळीस

अकरा वर्षे गेली. २७ ऑक्टोबर १९८० या दिवशी सगळे अर्पानेट ठप्प झाले. कोठे तार तुटली नव्हती, वीज गेली नव्हती. सगळे इम्प चालू होते, किंबहुना कामात बुडालेले होते. पण एकही उपयोगाचा संदेश कोठे पोचत नव्हता.

काय झाले ते समजण्यासाठी एक गोष्ट आधी पाहू. प्रत्येक इम्प अधूनमधून ‘माझ्याकडून कोणत्या तारेने किती वेळ लागतो’ अशी सूचना काढी. शेजारी ती वाची आणि पुढच्या शेजाऱ्यांना देई. अशा रीतीने ती सर्वत्र पसरे. जुनी सूचना कोणती आणि नवी कोणती हे कळावे म्हणून तिच्यावर क्रमांक असे. त्या क्रमांकासाठी सहा द्विमान अंकांची जागा ठेवली होती, म्हणजे ० ते ६३. त्रेसष्टनंतर पुन्हा शून्य. मग ६३ आणि २ यांत नवे कोण? उघडच २. म्हणून नियम असा केला की क्रमांक वर्तुळावर मांडावेत आणि पुढे पुढे मोजत ३२ किंवा त्याहून कमी पावलांत ज्याच्यापर्यंत पोचता येते तो नवा.

नियम शहाणपणाचा वाटतो ना? त्यातली खोच घड्याळावर पाहा. भिंतीवरचे घड्याळ खाली काढा आणि १२, ४ व ८ या आकड्यांवर कागदाचे तीन कपटे ठेवा. अर्ध्या वर्तुळाच्या आत जो पुढे तो नवा, हाच नियम लावा. बारापेक्षा चार नवा. चारापेक्षा आठ नवा. आणि आठापेक्षा? बारा नवा! तिघांपैकी प्रत्येक जण मागच्यापेक्षा नवाच ठरतो. ही शर्यत कधी संपणारच नाही.

रोजच्या व्यवहारात असे होत नसे, कारण नवी सूचना निघेपर्यंत जुनी विरून गेलेली असे. एकाच इम्पच्या इतक्या दूरदूरच्या क्रमांकांच्या सूचना एकाच वेळी हिंडण्याचे कारणच नव्हते. पण त्या दिवशी क्रमांक २९ च्या इम्पची स्मृती अंक गाळू लागली. शेजारच्या क्रमांक ५० च्या इम्पकडून आलेली सूचना तिच्यात होती. तिचा क्रमांक ४४. द्विमान पद्धतीने तो असा लिहितात: १०११००, म्हणजे ३२ अधिक ८ अधिक ४. त्यातला चाराच्या जागचा १ गळला की उरतात १०१०००, म्हणजे ४०. बत्तिसाच्या जागचाही गळला की ००१०००, म्हणजे ८. आता वर्तुळावर मोजा. आठापासून चाळीस ३२ पावले. चाळिसापासून चव्वेचाळीस ४ पावले. चव्वेचाळिसापासून शून्यावरून पुढे आठापर्यंत २८ पावले. घड्याळावरचे तीन कपटेच!

तारेवरून जाताना संदेश बिघडला तर तो ओळखण्याची व्यवस्था होती. इम्पच्या पोटात बिघडलेला संदेश मात्र कोणी पकडला नाही. तीन सूचना बाहेर पडल्या आणि प्रत्येक इम्प त्यांतली प्रत्येक सूचना ‘ही नवी आली’ म्हणून घेऊ लागला आणि शेजाऱ्यांना देऊ लागला. शेजारी ती परत यालाच देत.

केंब्रिजच्या केंद्रात काय अवस्था झाली असेल पाहा. एखादा इम्प बंद करून सुरू केला तर क्षणात शेजारी त्याला पुन्हा तेच तीन कागद देत. वाटांच्या सूचनांचे काम इम्पमध्ये अग्रक्रमाचे ठेवले होते, आणि ते योग्यच होते, कारण वाट माहीत नसेल तर बाकी सारे व्यर्थ. पण त्यामुळे दूरवरून हुकूम घेण्याचे जे काम होते त्याला सवडच मिळेना. वायरमन तारेतून निघाला होता आणि तारेत गर्दी होती.

शेवटी इम्पच्या स्मृतीतले उतारे काढून पाहिले तेव्हा रांगेत पन्नास क्रमांकाच्या सूचनांखेरीज काहीच नाही, आणि त्यांवर फक्त तीनच क्रमांक आहेत, हे लक्षात आले. मग आज्ञावलीत एक ठिगळ लावले गेले: ‘पन्नास क्रमांकाकडून आलेली सूचना ऐकू नको.’ हे ठिगळ प्रत्येक इम्पला लावावे लागले. तिन्ही सूचना मेल्यावर ते काढून टाकले. सुमारे चार तास हा प्रकार चालला होता. एरिक रोझेन यांनी १९८१ साली या दिवसाचा सविस्तर वृत्तांत लिहिला. तो आजही वाचला जातो. माझ्या मते त्यातली खरी शिकवण क्रमांकांच्या हिशेबापेक्षा वेगळी आहे. दुरुस्तीच्या हत्याराला स्वतःची वाट हवी आणि कितीही गर्दी असली तरी त्याला सवड मिळायला हवी.

कुलूप वाटावे, किल्ली जवळ ठेवावी

इम्प शंभराहून कमी होते आणि सगळे एकाच कंपनीच्या देखरेखीखाली होते. पुढे जाळे वाढले तसा दुसरा प्रश्न आला. सूचनावही घेऊन आलेला शिपाई खरा कशावरून? जुन्या पद्धतीत दूरच्या संगणकाला परवलीचा शब्द सांगावा लागे आणि तो तारेवरून उघडाच जाई. मध्येच कान लावून बसलेल्याला तो सहज ऐकू येई. १९९५ साली फिनलंडमधील हेलसिंकीच्या तंत्रविज्ञान विद्यापीठाच्या जाळ्यावर असेच कोणीतरी कान लावून परवलीचे शब्द गोळा केले. तेथील संशोधक ताटू इलनन यांनी त्यावर उपाय म्हणून ‘एसएसएच’ नावाची आज्ञावली लिहिली आणि जुलै १९९५ मध्ये ती सर्वांना फुकट दिली. वर्ष संपायच्या आत सुमारे पन्नास देशांतले वीस हजार लोक ती वापरू लागले.

तिची युक्ती अशी. तुम्ही एक किल्ली आणि तिचे कुलूप बनवता. कुलपाच्या हव्या तेवढ्या प्रती काढून त्या हजार संगणकांवर बसवता. किल्ली आपल्यापाशीच राहते. ती तारेवरून कधीच जात नाही. आपण आलो की संगणक एक असे कोडे घालतो की ते किल्लीवाल्यालाच सुटावे. उत्तर तेवढे जाते, आणि पुढचे सारे बोलणे सांकेतिक लिपीत होते. कुलूप चोरून कोणाला काही मिळत नाही. अर्थात किल्ली हरवली तर हजारही घरे उघडी!

दार उघडले, आता आज्ञा द्यायची. येथेही एक खोच आहे. हजार संगणकांना हुकूम धाडला तेव्हा तीस बंद होते, असे समजा. गैरहजर मुलांसाठी सूचना पुन्हा वाचावी लागते. पण हुकूम जर ‘यादीत एक ओळ वाढवा’ असा असेल, तर पुन्हा धाडल्यावर उरलेल्या नऊशे सत्तर संगणकांत तीच ओळ दोनदा येईल. १९९३ साली नॉर्वेतील ऑस्लो विद्यापीठात मार्क बर्जेस यांनी यासाठी वेगळी वाट धरली. ते मूळचे सैद्धान्तिक भौतिकीचे अभ्यासक. हुकूम देऊच नका, ते म्हणाले, स्थिती सांगा. ‘टाकीत दहा बादल्या पाणी ओता’ असे सांगितले आणि तेच दोनदा सांगितले गेले तर टाकी वाहते. ‘टाकी भरलेली असावी’ असे दहादा सांगितले तरी बिघडत नाही. भरलेली असेल तर कोणी काही करणार नाही, रिकामी असेल तर भरली जाईल. त्यांच्या ‘सीएफइंजिन’ या आज्ञावलीनंतर याच विचाराची अनेक हत्यारे निघाली. आज एकटा माणूस हजारो संगणक सांभाळू शकतो तो मुख्यतः त्यांच्या बळावर.

एक चूक, हजार ठिकाणी

जो हुकूम एका क्षणात हजार ठिकाणी पोचतो, तो चुकीचा असला तरीही एका क्षणातच पोचतो. ४ ऑक्टोबर २०२१ ची रात्र घरातल्या मोठ्यांना विचारा. नवाच्या सुमारास व्हॉट्सअ‍ॅप, फेसबुक, इन्स्टाग्राम सारे बंद पडले ते मध्यरात्र उलटून गेल्यावर सुरू झाले. आपल्याकडे बहुतेकांनी आपलाच मोबाइल बिघडला असे समजून तो दोनदा बंद करून पाहिला. झाले होते असे: कंपनीच्या देखभालीच्या माणसांनी आपल्या मुख्य तारांची क्षमता मोजण्यासाठी एक हुकूम दिला आणि त्याने जगभरातल्या त्यांच्या सर्व केंद्रांना जोडणाऱ्या तारा बंद केल्या. असे धोक्याचे हुकूम अडवणारी एक पहारेकरी आज्ञावली होती. तिच्यातच दोष होता, तिने तो जाऊ दिला.

केंद्रे दिसेनाशी झाली तेव्हा नावावरून पत्ता सांगणाऱ्या त्यांच्या संगणकांनी, ठरल्या नियमाप्रमाणे, आपण काम करण्यास योग्य नाही असे मानून इंटरनेटच्या नकाशावरून आपली पाटी काढून घेतली. दुरुस्तीची हत्यारे त्याच जाळ्यावर होती. १९८० चा धडा विसरला होता असे मात्र नाही. अडचणीच्या वेळेसाठी वेगळी वाट राखलेली होती, पण त्या दिवशी तीही बंद होती. शेवटी माणसांना प्रत्यक्ष त्या इमारतींत पाठवावे लागले. आणि चोरांपासून रक्षण व्हावे म्हणून त्या इमारती आणि आतली यंत्रे अशी बनवलेली की हात लावायला मिळणेच कठीण! त्यात बराच वेळ गेला.

दुसरी घटना १९ जुलै २०२४ ची, शुक्रवार सकाळची. क्राउडस्ट्राइक या कंपनीची पहारेकरी आज्ञावली जगातल्या अनेक कार्यालयांतल्या संगणकांवर बसवलेली असते. तिने आपल्या वेळेप्रमाणे ९ वाजून ३९ मिनिटांनी एक छोटी नवी यादी सर्व ग्राहकांकडे धाडली. यादी म्हणत होती, एकविसावी नोंद पाहा. संगणकावरच्या आज्ञावलीने मात्र वीसच नोंदी ठेवल्या होत्या. वीस मुलांच्या वर्गात एकविसावा हजेरी क्रमांक पुकारावा तसे झाले. वर्गात कोणी उत्तर दिले नसते, एवढेच. येथे संगणक नसलेल्या जागी डोकावला आणि कोसळला, आणि पुन्हा सुरू केला की पुन्हा तेथेच कोसळला. ७८ मिनिटांनी कंपनीने यादी मागे घेतली. तोवर मायक्रोसॉफ्टच्या अंदाजाप्रमाणे ८५ लाख संगणक पडले होते. आपल्याकडच्या विमानतळांवर कर्मचाऱ्यांनी प्रवाशांना हाताने लिहिलेले बोर्डिंग पास दिले.

ही यादी आधी थोड्या संगणकांवर पाठवून, तासभर वाट पाहून मग इतरांना पाठवली असती तर? भात शिजला का ते आई एक शीत दाबून पाहते. तेवढे या यादीच्या बाबतीत झाले नव्हते. त्यानंतर कंपनीने अशा याद्या टप्प्याटप्प्याने पाठवण्यास सुरुवात केली.

दुरुस्ती तशी सोपी होती. एक फाइल पुसायची, बस. पण पुष्कळसे संगणक जाळ्यापर्यंत पोचण्याआधीच कोसळत होते, त्यामुळे दूरवरून ती पुसणार कशी? कार्यालयांतली माणसे एकेका संगणकापाशी गेली. ज्यांच्यावर चोरीपासून रक्षणासाठी सांकेतिक कुलूप होते त्यांच्यावर आधी अठ्ठेचाळीस आकडी किल्ली हाताने टंकावी लागली, प्रत्येक संगणकाची वेगळी. ती टंकायची, फाइल पुसायची, संगणक सुरू होतो का ते पाहायचे, आणि पुढच्या खुर्चीवर सरकायचे.